प्राध्यापकांचे कान

माझ्या वरच्या मजल्यावर एक डॅनिश भाषाशास्त्रज्ञ राहतात, हे मला ड्रेस्डेनच्या त्या इमारतीत दोन वर्षं काढल्यावर कळलं. तेही एका पार्सलमुळे. इथे घरी कोणी नसलं की कुरियरवाला शेजाऱ्याकडे पार्सल देतो आणि पत्रपेटीत तशी चिठ्ठी टाकून जातो. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात पाळीत काम करतो, त्यामुळे भर दिवसा घरी सापडणारा हक्काचा माणूस मीच. सगळ्या जिन्याची पार्सलं माझ्याकडे येत. संध्याकाळी एकेक जण येऊन घेऊन जाई. "डांके", "बिटे", दार बंद. कारखान्यात आम्ही नखशिखांत पांढऱ्या सूटमध्ये असतो, फक्त डोळे दिसतात, आणि बोलणं जवळजवळ नसतंच. बरोबर शिकलेले मित्र म्युनिकला, बाड हॉम्बुर्गला पांगले होते. त्यामुळे पार्सल न्यायला येणारी माणसं हीच माझी बरीचशी संगत होती. लिहिताना कसंसं वाटतं, पण तसंच होतं.

ते पार्सल न्यायला मात्र कोणी आलं नाही. शेवटी मीच वर गेलो. बेल दाबली की आत एक दिवा लुकलुकतो, हे दाराच्या काचेतून दिसत होतं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. उंच, वाकलेले, दोन्ही कानांत यंत्रं, कोपरावर विरलेला स्वेटर. मी जर्मनमधलं माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पुन्हा. दाढी नाही हे उत्तम, पण तोंड जरा उघडून बोल."

पार्सलमध्ये रबरी पट्टा होता, स्पूलच्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या आतला.

"इंजिनिअर आहेस का?"

"हो."

"भारतीय आणि इंजिनिअर. गेनाऊ, अगदी बरोबर. मग आत ये. पट्टा बसवून दिलास तर कॉफी मिळेल."

पट्टा बसवायला फार वेळ लागला नाही. कॉफीला लागला. मी त्यांना 'तुम्ही' म्हणत होतो, त्यांनी सरळ 'तू' सुरू केलं होतं आणि मलाही तसंच म्हणायला सांगितलं. जर्मन लोकांत हा मान मोठ्यानं द्यायचा असतो आणि लहानानं आनंदानं घ्यायचा असतो. माझ्या तोंडून ते निघेना. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला अरे-तुरे कसं करायचं?

"डेन्मार्कमध्ये राजघराणं सोडून आम्ही सगळ्यांना 'तू'च म्हणतो," ते म्हणाले. "मी तुला राजा वाटतो का?"

"नाही, पण प्राध्यापक वाटता."

"प्राध्यापक मी कधीच झालो नाही. ती एक जागा राहूनच गेली." पण मी त्यांना प्राध्यापकच म्हणत राहिलो, शेवटपर्यंत.

त्या हिवाळ्यात मला त्यांचं आयुष्य तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. जन्म एका छोट्या डॅनिश बेटावरचा. वडील मासेमारी करत, घराण्यात शाळेपुढे कोणी शिकलेलं नव्हतं. कोपनहेगनला विद्यापीठात गेले, तेव्हा यांनी तोंड उघडलं की वर्ग हसायचा, इतकं त्यांचं बेटावरचं बोलणं वेगळं. म्हणून पहिलं वर्ष त्यांनी गप्प राहून इतरांचं ऐकण्यात काढलं. "मी भाषाशास्त्रज्ञ झालो तो भित्रेपणामुळे," ते म्हणत. मग स्लाव्ह भाषा शिकले, शिष्यवृत्ती मिळवून तेव्हाच्या पूर्व जर्मनीत आले. ड्रेस्डेनच्या ईशान्येला लाउझित्स नावाचा भाग आहे. तिथे सॉर्ब लोक राहतात, त्यांची भाषा जर्मनपेक्षा अगदी वेगळी. यांनी ती पुस्तकातून शिकली होती. तिथल्या एका बसथांब्यावर एक बाई आपल्या बकरीला काहीतरी सुनावत होती, आणि यांना त्यातला एक शब्द कळला नाही. "बकरीला सगळं कळत होतं, मला काहीच नाही. ही लाज मला सहन झाली नाही. राहिलो."

इथेच त्यांनी पियानो शिकवणाऱ्या एका जर्मन बाईंशी लग्न केलं. "लोक पश्चिमेला पळायला बघत होते आणि मी पूर्वेला घर मागत होतो. दोन्हीकडच्या साहेबांना मी हेर वाटायचो. नंतर कोणीतरी सांगितलं की माझ्यावर पाळत ठेवायचं काम कोणालाच नको असायचं. दिवसभर म्हाताऱ्यांकडून लोणी कसं काढतात ते ऐकायचं!" बर्लिनची भिंत पडल्यावर त्यांच्या संशोधन संस्थेची फेरतपासणी झाली आणि त्यांची जागा गेली. मग ते सुट्टीला डेन्मार्कला जाणाऱ्या निवृत्त जोडप्यांना संध्याकाळच्या वर्गात डॅनिश शिकवत. उरलेल्या वेळात जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी सॉर्ब बोलींचा दोन खंडांचा कोश पुरा केला. बायको गेल्यावर ते टेबल पूर्णच कामाचं झालं.

त्यांनी ध्वनिमुद्रण केलेली बरीच गावं आता नाहीत. लाउझित्समध्ये जमिनीखाली कोळसा आहे. खाण पुढे सरकली की गाव उठवलं जाई, चर्च, दफनभूमी, सगळं. त्या गावांचं बोलणं त्यांच्या टेपांवर राहिलं. बहुतेक टेपा त्यांनी तिथल्या संग्रहालयाला दिल्या होत्या. एक खोकं मात्र राहिलं होतं. गाव पाडायच्या आधीच्या उन्हाळ्यात एका शेतकरीण बाईंनी घरात बसून सांगितलेलं सगळं त्यात होतं. त्याचा लिखित मजकूर अर्धाच झाला होता, आणि मजकुराशिवाय टेप द्यायला ते तयार नव्हते. "लिहून न काढलेली टेप कपाटात जाते आणि मरते," असं त्यांचं म्हणणं. दरम्यान कान गेले. समोरच्या माणसाचे ओठ बघून, यंत्रं लावून जवळचं बोलणं त्यांना कळे, टेपवरचं नाही. आणि ईस्टरनंतर त्यांची भाची त्यांना डेन्मार्कला न्यायला येणार होती. तिच्या गावातल्या वृद्धाश्रमात खोली मिळाली होती. घर सोडायची नोटीसही देऊन झाली होती. त्याआधी ते खोकं संपवायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

हे काम माझ्याकडे आलं ते मला ती भाषा येत नव्हती म्हणून. संग्रहालयातली एक मुलगी आधी येऊन गेली होती. तिला भाषा येत होती, आणि तीच अडचण झाली. बाई बोलायच्या एक, मुलगी लिहायची शाळेत शिकलेलं. "ज्याला भाषा येते तो ऐकत नाही, ओळखतो," प्राध्यापक म्हणाले. "तू नुसता ऐकशील."

मी एकदा आमच्या पद्धतीनं उपाय केला. टेपचा तुकडा फोनवर घेऊन मजकूर लिहून देणाऱ्या एका प्रोग्रामला दिला. त्यानं मोठ्या आत्मविश्वासानं जर्मनमध्ये रेल्वेच्या उशिराबद्दल काहीतरी लिहून दिलं. प्राध्यापक इतके हसले की कानातलं एक यंत्र निसटून कॉफीत पडलं.

मग आमची पद्धत बसली. दर शनिवारी, पाळी नसेल तेव्हा, मी वर जायचो. मी कानाला हेडफोन लावायचा, टेप थोडी पुढे न्यायची, थांबवायची, आणि ऐकलेलं जसंच्या तसं त्यांच्या डाव्या कानाशी, तोंड त्यांच्याकडे करून, मोठ्यानं म्हणायचं. ते ओठ बघत आणि लिहीत. अर्थ मला सांगायचा नाही, असा नियम. अर्थ कळला की मीही ओळखायला लागलो असतो. न कळणारी भाषा मोठ्यानं म्हणताना सुरुवातीला फार विचित्र वाटलं. पण आपल्याला 'चमचा'तला आणि 'चार'मधला च वेगळा काढता येतो, त्याचा तिथे उपयोग झाला. "कुठून आणलीस ही जीभ!" ते म्हणायचे, आणि मी खूश व्हायचो. शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा.

माझ्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं आमचं भांडण चाललंय. एका शनिवारी त्या वर आल्या. "तुम्ही या म्हाताऱ्या माणसावर ओरडता का?"

"हो," प्राध्यापक दारातून म्हणाले. "मी त्याला तसं सांगितलंय."

त्या बिचाऱ्या माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि दुपारच्या शांततेची वेळ तेवढी पाळा म्हणून खाली गेल्या.

मग एका शनिवारी ते लिहिता लिहिता थांबले. टेपरेकॉर्डरवर आवाजाची पातळी दाखवणारी एक सुई असते, तिच्याकडे बोट करून म्हणाले, "ही हलतेय. तू गप्प का?"

"तिथे काही नाही," मी म्हणालो. "त्या अडखळल्या. अर्धा शब्द बोलून पुन्हा सुरुवात केली."

"मग तो अर्धा शब्द कुठे आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. मी समजावून सांगितलं की मी त्यांचं स्वच्छ वाक्य तेवढं देतोय. मध्येच घसा खाकरणं, स्वतःशी पुटपुटणं, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं, दाराबाहेर कोणाला तरी हाक मारणं, हे मी गाळत आलो होतो. मला वाटलं होतं मी काम सोपं करतोय.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"सुरुवातीपासून."

ते रागावून ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. त्यांना पाठीमागून काही ऐकू येत नाही, त्यामुळे मला माफीही मागता येईना. समोर जाऊन उभं राहावं लागलं. तेव्हा ते म्हणाले, "तुला तिची लाज वाटली का?"

मी "नाही" म्हणालो. पण घरी गेल्यावर विचार करत बसलो, तर त्यांचं म्हणणं खरं होतं. अकोल्याच्या पुढे आमचं तालुक्याचं गाव. वडील एसटी डेपोत मेकॅनिकच्या हाताखाली, आई अंगणवाडीत खिचडी शिजवायची. शाळेत मराठीच्या बाई मला उभं करून वाचायला लावत आणि मी 'शाया' म्हटलं की 'शाळा' म्हणेपर्यंत बसू देत नसत. 'मले' नाही, 'मला'. मध्ये 'अं' आलं की पहिल्यापासून. पुढे पुण्यात मुलाखतीच्या क्लासमध्येही तेच झालं. शाळेतल्या त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी घासूनपुसून उभं केलं म्हणून आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, इथवर आलो. पण बोलता बोलता कोणी अडखळलं की ते पुसून टाकायचं, हे वळणही हाताला तेव्हाच लागलं. त्या शेतकरीण बाईंचं बोलणं कोणीतरी वाचणार, मग ते नीटनेटकं दिसावं, असंच मला वाटलं असणार. पुण्यातल्या खोलीवर आईचा फोन आला की मी गॅलरीत जाऊन बोलायचो. तेच हे.

झालेलं सगळं पुन्हा करावं लागलं. ईस्टर जवळ आला होता. आता सकाळच्या पाळीनंतरही मी रोज वर जाऊ लागलो. इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला गेलो नाही. प्राध्यापकांनी चूक पुन्हा काढली नाही, मात्र सुईकडे एक डोळा ठेवला. मी आता सगळं म्हणत होतो. खोकला, उसासा, "म्‌म्‌", अर्धे शब्द. बाई वेगळ्याच होऊन समोर येत होत्या. आधी त्या शांत, शहाण्या वाटत होत्या. आता कळलं की त्यांना मध्येच राग येत होता, बोलता बोलता विसरत होत्या, कुत्र्याला दम देत होत्या. भाषा न कळता एवढं कळत होतं.

एकदा काम चालू असताना आईचा फोन आला. मी उठून बाहेर जायला लागलो तर प्राध्यापकांनी हात धरला. "इथेच बोल. मला तसंही ऐकू येणार नाही. फक्त बघू दे."

"हॅलो, आई."

"आरे, कायले वरडून रायला? मी बहिरी आहो काय?"

सवयीनं माझा आवाज चढलेलाच होता. "नाई गं. वरच्या बाबाजीच्या घरी बसलो हाव."

"कोनते बाबाजी?"

"म्हातारे हायेत. डेन्मार्कचे."

"जेवले काय थे? त्याहीले कोन करून देते?"

"थेच करतात."

"मंग तू बसून खाते काय फुकटचं? काई नेत जा ना बावा त्याहीले. पोहे तरी नेत जा."

फोन ठेवल्यावर प्राध्यापक म्हणाले, "माझ्याशी बोलताना तुझा चेहरा झोपलेला असतो. हे मला माहीत नव्हतं." आणि आई काय म्हणाली ते विचारलं. दुसऱ्या दिवशी मी पोहे नेले. त्यांनी त्यावर खारवलेला हेरिंग मासा ठेवून खाल्ले, मी दुसरीकडे बघितलं.

भाची आली त्या दिवशी टेपचा शेवटचा तुकडा बाकी होता. सामान नेणारी माणसंही आली. कपाटं गेली, टेबल गेलं. टेपरेकॉर्डर जमिनीवर ठेवून आम्ही त्याच्या दोन बाजूंना मांडी घालून बसलो. म्हणजे मी मांडी घालून, ते पाय पसरून, भिंतीला टेकून. रिकाम्या खोलीत माझा आवाज दणदणत होता. पलंग उचललेली दोन माणसं दारातच थांबून बघायला लागली. भाची, चाळिशीची, मोठ्या रुग्णालयातली नर्स, त्यांच्यासमोर येऊन, मलाही कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली, "मामा, फेरीबोट चुकेल. हे तिकडे जाऊन करता येईल."

"तिकडे हा नाहीये," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

ती घड्याळाकडे बघत बाहेर जाऊन उभी राहिली. मी म्हणत राहिलो. शेवटी बाईंचं बोलणं थांबलं, पण सुई हलत होती. हेडफोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पाणी. मग दार. आता म्हणायला शब्द नव्हते, मी जर्मनमध्ये सांगू लागलो. "खुर्ची. त्या उठल्या. पाणी ओततायत, बादलीत असेल. दार उघडलं. बाहेर चालल्या. लांबून हाक मारतायत." ती हाक मी तशीच मारून दाखवली. सामानवाल्यांतला एक जण हसला.

"पुन्हा," प्राध्यापक म्हणाले.

मी पुन्हा हाक मारली. मग टेपवर काहीच नव्हतं, आणि सुई पडली.

त्यांनी शेवटची ओळ लिहिली, कागद एकत्र करून खोक्यात ठेवले आणि खोकं माझ्याकडे सरकवलं. संग्रहालयात पोचवायचं काम माझ्याकडे दिलं. मी विचारलं, "आता काम संपलं. आता अर्थ सांगाल का? ती हाक काय होती?"

"नवऱ्याला बोलावतेय. गावातलं सामान न्यायची शेवटची गाडी आली का, ते विचारतेय. तो बहुतेक रस्त्यावर उभा होता. तू ते जसं म्हणालास ना, तशीच म्हणायची ती."

जिन्यातून उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. गाडीत बसल्यावर काच खाली करून काहीतरी म्हणाले. ते डॅनिशमध्ये होतं. भाचीनं सांगितलं, बेटाच्या बोलीत आहे, तिलाही अर्धंच कळलं, 'नीट राहा' असं काहीतरी. गाडी वळेपर्यंत मी उभा राहिलो. पुढच्या शनिवारी रेल्वेनं लाउझित्सला जाऊन मी खोकं देऊन आलो. पावती मिळाली, तिचा फोटो भाचीला पाठवला. तिचं उत्तर आलं की मामांना दाखवला, त्यांनी तो दोनदा मागून घेतला.

घर ताब्यात देण्याचं कामही त्यांनी माझ्यावरच सोपवलं होतं. आठवड्याभरात घरमालकाच्या कार्यालयाचा माणूस आला. त्यानं रिकाम्या खोल्यांतून फिरून भिंतीतली खिळ्यांची भोकं बुजवली आहेत का ते बघितलं, खिडक्या उघडून लावून बघितल्या.

"तुम्ही नातेवाईक का?" त्यानं विचारलं.

"नाही. शेजारी."

"आल्झो, बरं मग, इथे सही करा." मी सही केली, चाव्या दिल्या. जाता जाता तो जरा ओशाळून म्हणाला, "पहिल्या तारखेला नवीन भाडेकरू येतायत. दोन लहान मुलं आहेत. लाकडी जमीन आहे, खाली तुम्हाला धावण्याचा आवाज येईल. तक्रार करायची असेल तर आमच्याकडे—"

"येऊ देत," मी म्हणालो. "मला चालेल."